प्रकाशसंश्लेषण पेशीत नेमकं कुठे होतं? डोळ्यांनी पाहून खात्री करण्याची क्रमवार पद्धत

प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना या प्रश्नाची तीन उत्तरं आलटून पालटून सापडतात. पानात होतं, हरितद्रव्यात होतं, हरितलवकात होतं. पहिलं उत्तर फार ढोबळ आहे आणि दुसरं चूक. हरितद्रव्य हा रंग आहे, जागा नव्हे. तो रंग ज्या इवल्याशा चकतीत भरलेला असतो ती चकती म्हणजे हरितलवक, आणि प्रकाशसंश्लेषण तिथे होतं. तरीही मुलं पेशीचं चित्र काढून आत सगळीकडे हिरवी पेन्सिल फिरवतात, कारण ती चकती त्यांनी कधी पाहिलेलीच नसते.

दुसरी अडचण जरा सूक्ष्म आहे. ज्यांनी चकती पाहिलेली असते त्यांनाही वाटतं, हिरवं दिसलं म्हणजे सिद्ध झालं. पण हिरवं दिसल्याने फक्त हिरवा रंग कुठे आहे ते कळलं. तिथे काही तयार होतंय का, हे वेगळं दाखवावं लागतं. म्हणून खालच्या क्रमात आधी जिवंत पेशीतली चकती पाहायची आणि मग त्याच चकतीच्या आत तयार झालेल्या साखरेचा साठा, म्हणजे स्टार्च, आयोडीनने निळा-काळा करून पकडायचा. एकूण तीन दिवस लागतात, पण त्यातले दोन नुसते वाट पाहण्याचे.

## टप्पा १: दोन दिवस आधीची तयारी

बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात आणि आपल्याला ते कळतं तिसऱ्या दिवशी.

कोणती वनस्पती? सूक्ष्मदर्शकासाठी हायड्रिला घ्या. तळ्यात मिळते, नाहीतर मासे विकणाऱ्या दुकानात दहा-वीस रुपयांत जुडी मिळते. तिचं पान दोनच पेशींइतकं जाड असतं, त्यामुळे कापायची भानगड नाही. हायड्रिला मिळाली नाही आणि पावसाळा असेल, तर कंपाउंडच्या ओल्या भिंतीवरचं मॉस खरवडून आणा. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो, पण त्याला इवली इवली पानं असतात आणि ती मधली शीर सोडली तर एका पेशीइतकीच जाड असतात.

आख्ख्या पानाच्या चाचणीसाठी हिरवं-पांढरं पान असलेला कोलियस किंवा पांढऱ्या चट्ट्यांची जास्वंद घ्या. क्रोटन टाळा. पान जाड, वर मेणचट थर, रंग लवकर निघत नाही आणि आयोडीन आत शिरत नाही.

कांद्याचा पापुद्रा अजिबात नको. वनस्पतीपेशी दाखवायला तो उत्तम आहे, पण आपण खातो तो कांदा जमिनीत वाढतो आणि त्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतातच. तरी कित्येक वह्यांत कांद्याच्या पेशीत हिरवे ठिपके काढलेले असतात! समोर जे दिसलं ते न काढता पुस्तकातलं चित्र उतरवलं की असं होतं.

अंधार. कोलियसची कुंडी ४८ तास पूर्ण अंधारात ठेवा. पानात आधीपासून साठलेला स्टार्च झाड या काळात वापरून टाकतं. हे केलं नाही तर उजेडात ठेवलेलं आणि न ठेवलेलं, दोन्ही पानं निळी होतील आणि काहीच सिद्ध होणार नाही. कपाटाच्या फटीतून येणारा उजेडही चालत नाही. कुंडीवर खोका उलटा घालून कडेला काळं कापड खोचा.

हायड्रिलाच्या दोन बरण्या करा. दोन्ही दोन दिवस अंधारात. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बरणी उन्हात काढा, दुसरी अंधारातच राहू द्या. उन्हातल्या बरणीत लिटरभर पाण्याला पाव चमचा खाण्याचा सोडा घाला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी पडणार नाही. पाणी तळ्यातलं किंवा रात्रभर उघडं ठेवलेलं वापरा.

आयोडीनचं द्रावण. १ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३०० मिली पाणी. आधी पोटॅशियम आयोडाइड थोड्याशा पाण्यात विरघळवा, त्यात आयोडीन घाला, ते पूर्ण विरघळलं की उरलेलं पाणी. क्रम उलटा केला तर आयोडीनचे खडे तळाशी तसेच बसून राहतात आणि वर फिकट पाणी दिसतं. बाटली तपकिरी रंगाची हवी. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पातळ करूनही चालतं. रंग बिनदुधाच्या चहाइतका ठेवा.

> तपासा: आयोडीनचा एक थेंब शिजलेल्या भाताच्या शितावर टाका. लगेच निळं-काळं झालं तर द्रावण चांगलं आहे. वर्षभर कपाटात पडलेल्या बाटलीवर विसंबून प्रयोग सुरू करू नका.

## टप्पा २: जिवंत पेशीतली चकती पाहणे

हे तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा करा. आयोडीन किंवा स्पिरिट लागण्याआधी.

१. हायड्रिलाच्या शेंड्याजवळचं कोवळं पान चिमट्याने देठाशी धरून तोडा. मधोमध धरलं तर तिथल्या पेशी चिरडतात. खालची जुनी पानं घेऊ नका, त्यांच्यावर चिखल आणि शैवाल चिकटलेलं असतं.

२. काचपट्टीवर बरणीतल्याच पाण्याचा थेंब, त्यात पान सपाट. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा, धपकन टाकू नका. जास्तीचं पाणी टिपकागदाने टिपा.

३. सर्वात छोट्या भिंगापासून सुरुवात करा, मग १०, मग ४०. ४० चं भिंग लावल्यावर फक्त बारीक स्क्रू फिरवायचा. मोठा स्क्रू फिरवला की कव्हरस्लिप फुटते आणि भिंगावर ओरखडा येतो.

४. उजेड कमी करा. ही गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही. मंचाखालचा डायफ्रॅम अर्धा बंद केला की पेशीच्या कडा उठून दिसतात. पूर्ण उजेडात सगळं फिकट हिरवं धुकं दिसतं.

१०० पटीवर (१० चं भिंग आणि डोळ्याजवळचं १० चं भिंग मिळून) विटांच्या भिंतीसारखी रचना आणि आत हिरवे ठिपके दिसतील. ४०० पटीवर तेच ठिपके गोल किंवा किंचित लांबट चकत्या होतात. चकत्यांच्या मधली जागा रंगहीन आहे, हे नीट पाहा. पेशी हिरवी नाही, चकत्या हिरव्या आहेत.

आता बारीक स्क्रू अगदी सावकाश फिरवा. आधी पेशीचा वरचा पृष्ठभाग दिसतो, तेव्हा चकत्या सगळीकडे विखुरल्यासारख्या वाटतात. अजून थोडं खाली गेलात की मधल्या चकत्या नाहीशा होतात आणि फक्त भिंतीलगत ओळीने उभ्या राहतात. मधली मोठी जागा रिक्तिकेने, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते, तिने पेशीद्रव्य आणि चकत्या कडेला रेटलेल्या असतात. आणखी खाली गेलात तर एकदम वेगळ्या मापाच्या पेशी दिसू लागतील. तो पानाचा दुसरा थर. दोन्ही थर एकदम पाहून 'पेशीत पेशी' काढणारे दरवर्षी दोघे-तिघे निघतात.

थोडा वेळ थांबलात तर चकत्या भिंतीलगत एकामागून एक सरकताना दिसतात, रिंगणातल्या वारकऱ्यांसारख्या. त्या स्वतः पोहत नाहीत, वाहणारं पेशीद्रव्य त्यांना नेतं. हालचाल दिसत नसेल तर काचपट्टी दहा मिनिटं टेबल दिव्याजवळ ठेवून पुन्हा बघा.

> सावधान: काळ्या जाड कडेचे, आतून स्वच्छ, अगदी गोल आकार हे हवेचे बुडबुडे आहेत. ते हिरवे नसतात आणि कितीतरी मोठे असतात. केंद्रक म्हणून त्यांना नाव देऊ नका.

माप काढायचं असेल तर १० च्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजा. बऱ्याच सूक्ष्मदर्शकांत तो १.८ मिमीच्या आसपास येतो, तुमच्यात वेगळा येईल म्हणून मोजाच. ४० च्या भिंगाखाली तो चौथाई, म्हणजे ०.४५ मिमी किंवा ४५० मायक्रोमीटर. समजा या व्यासात लांबीच्या दिशेने सहा पेशी मावल्या, तर एक पेशी ७५ मायक्रोमीटरची. तिच्या भिंतीलगत बारा चकत्या बसल्या, तर एक चकती साधारण ६ मायक्रोमीटर. हरितलवकाचं पुस्तकी माप ५ ते १० मायक्रोमीटर असतं. उत्तर ५० आलं तर गुणाकार-भागाकार तपासा.

## टप्पा ३: पानातल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात

हा टप्पा दहा मिनिटांचा आहे. ऱ्हिओचं पान घ्या, वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं ते. खालच्या बाजूचा पातळ पापुद्रा तिरकस फाडून पाण्यात ठेवा. जांभळ्या पेशींच्या मधे मधे पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची छिद्रं, दिसतील आणि त्यांच्या दोन रक्षक पेशींत हिरव्या चकत्या. आजूबाजूच्या पेशींतला जांभळा रंग मात्र चकत्यांत नसतो, तो रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला असतो आणि म्हणून पेशीभर सपाट पसरलेला दिसतो. चकतीतला रंग आणि रसातला रंग यातला फरक इतका स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

पापुद्रा हिरवा दिसला तर तो जाड निघाला आहे, आतल्या पेशीही सोबत आल्या. मुख्य काम त्या आतल्या पेशींतच चालतं, वरची साल बहुतांशी पारदर्शक खिडकीसारखी असते.

## टप्पा ४: आख्ख्या पानाची स्टार्च चाचणी

कोलियसची कुंडी सकाळी बाहेर काढून चार ते सहा तास उन्हात ठेवा. जुलैच्या झडीत हा प्रयोग ठेवू नका. ढगाळ दिवसात पानं जेमतेम तपकिरी होतात आणि मुलं 'निळं झालं' असं न पाहताच लिहितात.

१. पान तोडण्याआधी ते कागदावर ठेवून कडा रेखा, हिरवा-पांढरा भाग कुठे कुठे आहे ते आखा. रंग एकदा निघून गेला की आधी हिरवं कुठे होतं हे कुणालाच आठवत नाही.

२. पान उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं. पेशी मरतात, पडदे सैल होतात.

३. ज्योत विझवा. मगच स्पिरिटची बाटली उघडा.

४. परीक्षानळीत स्पिरिट घेऊन पान बुडवा आणि ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी करा. स्पिरिट ७८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे पाण्याची उष्णता पुरते. पान फिकट पिवळसर होईपर्यंत थांबा, पाणी निवलं तर बदला.

५. पान आता कडकडीत झालेलं असतं. कोमट पाण्यात बुडवून मऊ करा, नाहीतर पसरताना तुकडे पडतात.

६. पांढऱ्या बशीत पसरून आयोडीन टाका, दोन-तीन मिनिटांनी धुवा.

आखलेल्या कागदाशी ताडून पाहा. जिथे हिरवं होतं तिथे निळं-काळं, जिथे पांढरं होतं तिथे नुसता आयोडीनचा तपकिरी रंग.

> सावधान: स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नका. त्याची वाफ टेबलावरून सरपटत दिव्यापर्यंत जाते आणि भडका उडतो. प्रयोगशाळेतलं स्पिरिट बहुधा विषारी मिश्रणाचं असतं, खिडक्या उघड्या ठेवा.

लाल पानात हरितद्रव्य नसतं, असं कुणी म्हणालं तर लाल माठाचं एक पान याच पाण्यात उकळा. लाल रंग पाण्यात उतरतो आणि पान हिरवं निघतं. माठाची भाजी करणाऱ्यांना हे लाल पाणी रोजचंच आहे.

## टप्पा ५: स्टार्च चकतीच्या आत आहे का?

चौथ्या टप्प्याने पानाचा कोणता भाग ते सांगितलं, पेशीचा कोणता भाग ते नाही. बरेच जण तिथेच थांबतात. आपल्याला पुढे जायचं आहे.

उन्हातली हायड्रिला किमान चार तासांनी काढा. दोन्ही बरण्यांतली दोन-दोन पानं वेगवेगळ्या नळ्यांत, नळ्यांवर चिठ्ठी चिकटवूनच. रंग गेल्यावर दोन्ही पानं सारखीच दिसतात आणि मग अंदाजाने ठरवलं जातं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. हायड्रिलाचं पान पाण्यात उकळायचं नाही. आख्ख्या पानाला उकळणं सोयीचं असतं, पण उकळत्या पाण्यात स्टार्चचे दाणे फुगून पसरतात आणि दाणा कुठे होता ते सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. पान सरळ स्पिरिटमध्ये टाका. पातळ असल्याने गरम पाण्याच्या पात्रात काही मिनिटांत रंग सुटतो. घाई नसेल तर थंड स्पिरिटमध्ये झाकण लावून रात्रभर ठेवा, घरी करणाऱ्यांसाठी हाच मार्ग बरा.

रंग गेल्यावर पान पाण्यात बुचकळा, काचपट्टीवर ठेवा, पातळ आयोडीनचा एक थेंब. दोन मिनिटांनी कव्हरस्लिप ठेवून कडेला पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेने टिपकागद लावा, म्हणजे जास्तीचं आयोडीन ओढून घेतलं जातं. हे धुणं टाळलं तर सगळंच तपकिरी दिसतं.

आधी अंधारातलं पान पाहा. चकत्या अजून आहेत, फक्त हिरव्याऐवजी पिवळट-तपकिरी. कदाचित केंद्रकही दिसेल. जिवंत पेशीत ते चकत्यांच्या गर्दीत लपतं, आयोडीनने ते पिवळसर होऊन समोर येतं. मग उन्हातलं पान. चकत्या तिथेच आहेत, तितक्याच, पण त्यांच्या आत गडद निळे-काळे कण. चकत्यांच्या मधल्या जागेत निळं काही नाही. रिक्तिकेत नाही, भिंतीत नाही.

> तपासा: निळा रंग चकत्यांच्या बाहेर सगळीकडे पसरलेला दिसला तर तीनपैकी एक झालंय. पान उकळलं, किंवा आयोडीन फार दाट होतं, किंवा काचपट्टीवर बाहेरचा स्टार्च आला.

त्या तिसऱ्या कारणाने मी एकदा आख्खी दुपार घालवली आहे. पानाचा आडवा छेद घ्यायचा होता, तो बटाट्याच्या फोडीत धरून घेतला. आयोडीन टाकताच सगळीकडे अंडाकृती, सुबक निळे दाणे. मी खूश. नंतर लक्षात आलं की हे पानातले नाहीतच, ब्लेडबरोबर बटाटा आलाय.

## टप्पा ६: मक्याचं पान (जमलं तर)

आडवा छेद घ्यायचाच असेल तर गाजरात किंवा मुळ्यात चीर पाडून पानाची पट्टी त्यात धरा. नवीन ब्लेड, ओलं. एकाच दिशेने ओढून वीस-पंचवीस काप पाण्यात पाडा आणि त्यातला सर्वात पारदर्शक ब्रशने उचला. पहिल्या दोन कापांवर समाधान मानलं की जाड लाकडी तुकडा पाहावा लागतो.

उन्हात असलेल्या मक्याच्या पानाचा छेद स्पिरिट आणि आयोडीनमधून काढला तर निळं-काळं मुख्यतः शिरांभोवतीच्या पेशींच्या कड्यात दिसतं. बाहेरच्या पेशींत हरितलवकं असूनही स्टार्च जवळपास नाही. प्रयोग फसला असं समजू नका. मका, ज्वारी, बाजरी, ऊस यांच्यात काम वाटून घेतलेलं असतं. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून आतल्या कड्याकडे देतात आणि साखर-स्टार्च तिथे बनतो. कांद्याच्या हिरव्या पातीचंही असंच काहीसं. ती प्रकाशसंश्लेषण करते, पण साठा साखरेच्या रूपात ठेवते, त्यामुळे आयोडीन तिथे गप्प राहतं. स्टार्च दिसला तर खात्री, नाही दिसला तर लगेच 'होत नाही' असं लिहायचं नाही.

## टप्पा ७: वहीत लिहिताना

चित्रात तेवढंच काढा जेवढं दिसलं. ४०० पटीवर चकती दिसते, तिच्या आतले पडदे दिसत नाहीत. या पडद्यांच्या चपट्या पिशव्यांना थायलाकॉइड म्हणतात. त्यांच्या थप्प्यांचं, म्हणजे ग्रॅनांचं पुस्तकातलं चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरून काढलेलं असतं. ते वेगळ्या चौकटीत, 'पुस्तकावरून' असं लिहून काढा.

उत्तर लिहिताना जागा दोन सांगाव्या लागतात. प्रकाश शोषून घेण्याचं काम थायलाकॉइडच्या पडद्यात होतं, हरितद्रव्य तिथे बसलेलं असतं. कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडवण्याचं काम त्या पडद्यांभोवतीच्या द्रवात, स्ट्रोमामध्ये. तुम्ही पाहिलेले निळे कणही स्ट्रोमातच होते. दुसऱ्या कामाला 'अंधारातील अभिक्रिया' म्हणतात म्हणून ते रात्री चालतं असं लिहू नका. त्याला लागणारी ऊर्जा पहिल्या कामातून येते, तेही दिवसाच चालतं.

'फक्त पानात' असंही लिहू नका. निवडुंगाचं खोड हिरवं असतं, कोवळी भेंडी हिरवी असते, आणि झाडावरून लोंबणारी गुळवेलीची मुळंसुद्धा. त्यांचा पातळ काप घेऊन दुसऱ्या टप्प्यासारखं पाहा, चकत्या सापडतील.

आवरताना बोटांवरचे आणि टेबलावरचे आयोडीनचे डाग लिंबाच्या रसाने किंवा व्हिटॅमिन सीच्या चुरलेल्या गोळीने पुसा, लगेच जातात. फक्त चित्र पूर्ण होईपर्यंत लिंबाचा हात काचपट्टीला लावू नका, तिथला निळा रंगही तसाच जातो.